पगार २१,००० च्या पुढे गेला की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बंद. मग कुटुंबाच्या औषधोपचाराचे काय?

सूर्यफूल
माझे पती चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात काम करतात. त्यांचा पगार सध्या २०,६०० रुपये असून १ ऑक्टोबरपासून तो २१,४०० होणार आहे आणि त्याबरोबर ईएसआय बंद होईल, असे कार्यालयातून सांगण्यात आले. मला मधुमेह आणि थायरॉइडचा त्रास असल्यामुळे दरमहा लागणारी औषधे व तपासण्या आजवर ईएसआयच्या दवाखान्यातून विनामूल्य होत होत्या. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्वांसाठी खुली झाली असल्याने काळजीचे कारण नाही, असे शेजारी सांगतात. हे कितपत खरे मानावे?

जुना हिशेबनीस
ताई, आधी हिशेब पाहू. २०,६०० रुपयांवर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे सुमारे १५५ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ६७० रुपये दरमहा महामंडळाकडे जमा होतात. पगार ८०० रुपयांनी वाढला आणि मालकाचे ६७० रुपये वाचले, तर ही वाढ कंपनीला १३० रुपयांतच पडली. आपल्या घराचे मात्र ८२५ रुपयांचे विमासंरक्षण गेले. ही २१,००० ची मर्यादा जानेवारी २०१७ पासून लागू आहे, आणि त्यानंतर महागाई कुठे पोहोचली ते सांगायला नको. ती आता वाढवायलाच हवी.

एक मार्ग मात्र आहे. ईएसआयचे अंशदान (दरमहाची वर्गणी) एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन कालावधींत मोजले जाते, आणि कालावधी सुरू झाल्यानंतर पगार मर्यादेपलीकडे गेला, तर तो कालावधी संपेपर्यंत कामगार विमाधारकच राहतो. १ ऑक्टोबरपासून वाढ दिल्यास एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर येत्या जूनअखेरपर्यंत उपचार मिळतील. तीच वाढ १ नोव्हेंबरपासून दिल्यास मार्चपर्यंत अंशदान भरले जाईल आणि डिसेंबरअखेरपर्यंत लाभ चालू राहील. एका महिन्याचे ८०० रुपये सोडून सहा महिन्यांचे उपचार मिळत असतील, तर कंपनीला तशी विनंती जरूर करावी. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत, म्हणून २१,४०० मध्ये तो मिळवलेला तर नाही ना, हेही पगारपत्रकावर तपासून घ्यावे.

आरोग्यसेविका
शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. फुले योजनेत १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अट उरलेली नाही आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरावीक उपचारांसाठी आहे. परंतु हे उपचार मुख्यतः अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहेत. रोजची मधुमेहाची गोळी, तीन महिन्यांनी करायची रक्ततपासणी, ताप आला म्हणून डॉक्टरांकडे जाणे, यांतले काहीही त्यात बसत नाही, आणि कष्टकरी घराचा पैसा तर तिथेच झिरपत जातो. आजारपणात बुडालेल्या रोजाची भरपाई हा आणखी वेगळा प्रश्न: ईएसआयमध्ये वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, राज्याच्या योजनेत अशी तरतूदच नाही.

मधुमेहाच्या औषधांसाठी चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात नाव नोंदवावे, कारण सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनाशुल्क आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही. सासूबाईंसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांच्या मोफत रुग्णालयीन उपचारांचे) काढावे. सत्तरीपुढील व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

मतभेद नोंदवतो
मर्यादा वाढवा, ही मागणी मला अपुरी वाटते. ती ३०,००० केली, तरी दहापेक्षा कमी माणसे असलेल्या वर्कशॉपमधला फिटर, चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि रिक्षाचालक बाहेरच राहणार. ज्यांच्याकडे पगारपत्रक आहे त्यांचीच चर्चा आपण करतो. फुले योजनेत बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे आणणे, हा खरा विस्तार ठरेल. ५ लाखांचा आकडा जाहिरातीत शोभतो, पण बहुतेक घरांना वर्षाकाठी गरज पडते ती काही हजारांच्या औषधांची.

जुना हिशेबनीस
तत्त्वतः मान्य. तरीही चालू असलेले संरक्षण पगारवाढीने तुटावे, याचे समर्थन होत नाही. मर्यादा ओलांडणाऱ्याला स्वतःचे आणि मालकाचे मिळून चार टक्के स्वेच्छेने भरून योजनेत राहण्याची मुभा द्यायला काय हरकत आहे?

आरोग्यसेविका
आणखी एक. २१,४०० रुपये महिना म्हणजे वर्षाला २,५६,८०० होतात. धर्मादाय रुग्णालयांत ३,६०,००० पर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. रुग्ण दाखल झाल्यावर त्यामागे धावणे फार जड जाते.

सूर्यफूल
सर्वांचे आभार. ओव्हरटाइम धरलेला नाही, हे पगारपत्रकावरून कळले. १ नोव्हेंबरची विनंती पतींनी तोंडी केली, तेव्हा सर्वांची वाढ एकाच तारखेपासून लागू होते, असे उत्तर मिळाले. त्यांच्या विभागात याच टप्प्यावर असलेले आणखी काही कामगार आहेत. सर्वांनी मिळून लेखी अर्ज द्यावा, असे आता ठरते आहे. अर्जात कालावधीचा नियम नेमका कसा मांडावा?

जुना हिशेबनीस
नियमाची भाषा नको. वाढ १ नोव्हेंबरपासून लागू करावी आणि ऑक्टोबरच्या फरकाची रक्कम आम्ही मागणार नाही, एवढेच लिहून सर्वांच्या सह्या घ्या आणि पोहोच घ्यायला विसरू नका.