मदत हवी आहे : वय ५९, पोहायला शिकतेय, पण दांडी सुटत नाही

जास्वंद५९
नमस्कार मंडळी. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका जलतरण तलावावर सकाळच्या बॅचला नाव घातलंय. उंची ५ फूट १ इंच. उथळ बाजूला पाणी छातीपर्यंतच येतं, म्हणजे पाय टेकतात हे डोक्याला पक्कं कळतं. तरी कडेची दांडी सोडली की श्वास कोंडतो, मान वर जाते आणि पाय खाली. प्रशिक्षक भले आहेत, पण एका वेळी पंधरा-वीस जण आणि सगळ्यांना सल्ला एकच : "सोडा मॅडम, काही होत नाही."

रक्तदाबाची गोळी चालू आहे, उजवा गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर -३.५. घरचे "या वयात कशाला" म्हणताहेत, ते माझं मी बघते. तुम्ही एवढंच सांगा की भीती घालवायला नेमकं काय करायचं, आणि या गुडघ्याला कोणता स्ट्रोक (पोहण्याचा प्रकार) झेपेल? "हिंमत धरा" सोडून काहीही लिहा.

पाणकावळा
ताई, तुम्हाला तरंगायला शिकवताहेत, पण तरंगत असताना परत उभं कसं राहायचं हे बहुतेक कोणी शिकवलेलं नाही. मोठ्या माणसांची भीती नव्वद टक्के तिथेच अडकलेली असते. लहान मूल धडपडून उभं राहतं. मोठं माणूस आधी विचार करतं, "पाय टेकले नाहीत तर?", आणि दांडी घट्ट धरतं.

म्हणून उलट्या क्रमाने शिका. कंबर ते छाती एवढ्या पाण्यात, तोंड भिंतीकडे करून, दोन्ही हातांनी दांडी धरा. चेहरा पाण्यात घाला आणि पाय मागे तरंगू द्या. आता उभं राहायचं ते असं : दोन्ही गुडघे पोटाशी ओढा, पाऊलं कमरेच्या खाली आली की तळाशी टेकवा, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर काढा. नवशिके इथेच चुकतात. घाबरून आधी डोकं वर काढतात, मग शरीर तिरकं होऊन पाय पुढे निसटतात आणि गटांगळी बसते.

हे कंटाळा येईपर्यंत करा. मग दांडीऐवजी कुणाचा तरी पुढे केलेला हात धरा, मग किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी), मग काहीच नाही. हातात काही नसताना उभं राहायला समोर लांब केलेले दोन्ही तळवे पाणी दाबत मांड्यांपर्यंत खाली आणायचे आणि त्याच वेळी गुडघे पोटाशी घ्यायचे. हात दाबले की धड आपोआप उभं होतं.

उताणं तरंगताना कृती वेगळी आहे. हनुवटी छातीला लावा, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वर घ्या आणि हात मागून पुढे ओढा. हे दोन्ही जमेपर्यंत कुणी खोल बाजूला चला म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

निळी_रेघ
पाणकावळ्यांना +१. श्वासाबद्दल मात्र वेगळं लिहायला हवं.

"श्वास कोंडतो" म्हणजे बहुतेक वेळा हवा कमी पडत नसते, आतली बाहेर गेलेली नसते. श्वास घ्यावासा वाटण्याची घाई मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. पाण्यात श्वास रोखून धरला, डोकं वर काढून आणखी हवा ओढली, की भरलेल्या छातीत नवी हवा मावत नाही आणि गुदमरल्यासारखं होतं.

उपाय असा. उभ्या उभ्या तोंडाने साधा श्वास घ्या, फार खोल नको. चेहरा पाण्यात घालून नाकाने "म्‌म्‌म्" असा गुणगुणल्यासारखा आवाज काढत चार-पाच सेकंद बुडबुडे सोडा. आवाज चालू आहे तोवर नाकात पाणी जात नाही. वर येऊन पुन्हा तोंडाने श्वास. सलग दहा वेळा, मध्ये चेहरा न पुसता. हात सारखा डोळ्यांकडे गेला तर समजा की अजून सवय झालेली नाही. घरी बादलीत चेहरा बुडवूनही हा सराव होतो, तलावाची वाट बघायला नको.

कोळंबी_भात
आमच्याकडे विहिरीत पाठीला डबा बांधून ढकलायचे आणि सगळे शिकायचे. फार बाऊ करताय असं वाटतं.

पाणकावळा
@कोळंबी_भात, डब्याला नावं ठेवत नाही. डबा पाठीवर असतो म्हणून शरीर आडवं राहतं, ती पद्धत डोक्याने केलेली आहे. ढकलण्याबद्दल मात्र हरकत आहे. आठ वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी विसरतं, साठीचं माणूस पुन्हा तलावावर येत नाही. दंडाला फुगे किंवा कमरेला टायर लावून शिकणं तर मोठ्यांनी टाळाच. त्याने माणूस पाण्यात उभा राहतो, आडवा होत नाही, आणि फुगे काढले की पुन्हा श्रीगणेशा.

चष्मेवाली
नंबरचे गॉगल मिळतात, साधारण -१.५ पासून अर्ध्या-अर्ध्या टप्प्यांत. दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असलेला गॉगल स्वस्त पडतो. -३.५ ला -३.५ किंवा -३.० घ्या, त्याहून जास्त घेऊ नका. चष्म्याचा सिलिंडर नंबर किंवा जवळचा नंबर धरायची गरज नाही, समोरची भिंत आणि प्रशिक्षकाचे हात दिसले म्हणजे झालं. भीतीचा बराच भाग अंधूक दिसण्याचा असतो, हे प्रशिक्षकांच्या लक्षातच येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून तलावात अजिबात उतरू नका, त्याने डोळ्याला गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो.

गॉगल दुकानातच तपासा : पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून सोडा, दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर मापाचा आहे. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट रबराची कड दुमडते. आतली काच बोटाने पुसू नका, धुकं न धरणारा थर निघून जातो.

लांब केसांना सिलिकॉनची टोपी. आत जाण्याआधी केस शॉवरखाली चिंब करा, साधं पाणी प्यायलेले केस क्लोरीनचं पाणी कमी ओढतात. खोबरेल लावून येऊ नका, पाण्यावर तवंग येतो. सुती टीशर्ट-लेगिंग चालत नाहीत ते ओले होऊन जड होतात आणि धागे फिल्टरमध्ये जातात म्हणून. गुडघ्यापर्यंतचे, बाह्यांचे नायलॉन-लायक्राचे कॉस्च्युम दादरला सहज मिळतात.

हाडवैर
गुडघ्याबद्दल. ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे आपला बेडूक, सध्या नको. त्यात पाय बाहेर फेकून आत ओढताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. फ्रीस्टाइल (पालथं पोहणं) आणि बॅकस्ट्रोक (उताणं पोहणं) यांची किक कमरेतून निघते, गुडघा सैल राहतो, घोटा ढिला. बहुतेक जण सायकल मारल्यासारखा गुडघा वाकवतात, मग पाणी मागे ढकललंच जात नाही आणि माणूस जागच्या जागी दमतो. पाऊल बॅलेवालीसारखं लांब, पण ताठ नको. वयानुसार घोटे आखडतात, म्हणून खुर्चीत बसून पाऊल लांब करणं-सोडणं रोज करत जा.

पोटरीत गोळा आला तर घाबरून पाय झाडू नका. उभ्या राहा, हाताने चवडा नडगीकडे ओढा. आणि पाण्यापेक्षा काठावरची ओली फरशी जास्त घातक, खोबणीच्या तळव्याची रबरी चप्पल घाला.

निळी_रेघ
रक्तदाबाची गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारून घ्या. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी) असेल तर नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे नाडी मोजून दमणूक कळत नाही. एक आख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, ही खूण धरा. पाण्यातून झटकन बाहेर येऊ नका, शिडीवर क्षणभर थांबा, नाहीतर चक्कर येऊ शकते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी उतरू नये. तुम्हाला ते लागू नसलं तरी धागा वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

जास्वंद५९
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणकावळा, भिंतीपाशी उभं राहणं जमायला लागलंय, "म्‌म्‌म्" पण. दोन शंका : उताणं तरंगताना पाय बुडतातच, ते कसं थांबवायचं? आणि खासगी शिकवणी लावावी का?

पाणकावळा
पाय बुडणारच. हवा छातीत असते, पाय जड, आणि नितंब खाली सोडले की सगळं शरीर घडी होतं. हात डोक्याच्या मागे लांब करा, त्याने वजन वरच्या बाजूला सरकतं आणि पाय थोडे उचलले जातात. कान पाण्यात, नजर थेट वर, बेंबी आकाशाकडे. तरीही टाचा बुडाल्या तर बुडू द्या, हलकी किक पुरते.

शिकवणी लावायची तर आधी विचारायचे प्रश्न दोन : मोठ्या माणसांना उभं राहणं पहिल्या तासाला शिकवता का, आणि शिकवताना तुम्ही पाण्यात उतरता की काठावरून सांगता? काठावरून सांगणार असतील तर पैसे वाचवा.

एप्रिल-मेमध्ये महापालिकेच्या तलावांवर २१ दिवसांचे उन्हाळी वर्ग असतात, तेव्हा पोरांची झुंबड असते. तो काळ टाळा. महिलांच्या वेगळ्या वेळेची चौकशी करा, आणि दुपारची बॅच मिळाली तर घ्या. दादर, चेंबूर, कांदिवली, दहिसर, मुलुंड इथे महापालिकेचे तलाव आहेत, जवळच्या दोन ठिकाणी जाऊन गर्दी बघून या.

हाडवैर
एक राहिलं. खोल बाजूला जाण्याआधी स्वतःची परीक्षा उथळ पाण्यातच घ्या : तळाला पाय न लावता एक मिनिट उताणं तरंगणं, पालथ्याचं उताणं होणं आणि परत, आणि हात-पाय हलवत उभ्याने तरंगणं (प्रशिक्षक याला ट्रेडिंग म्हणतात). गुडघ्यामुळे त्यात बेडकाचे पाय नकोत, कात्रीसारखे पुढे-मागे हलवा. तिन्ही जमलं की पहिल्यांदा खोल भागात भिंतीला लागून जा, जीवरक्षकाला आधी सांगून. आणि संध्याकाळच्या बॅचला नको, दिवसा उजेडी तळ दिसतो.