खासगीत सुरू केलेल्या लसी सरकारीत पुढे चालू ठेवता येतात का?

सांजवात: बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. दीड महिन्याला खासगीत हेक्झा (सहा रोगांची एकच लस), न्यूमोकोकल (न्यूमोनियासाठी) आणि रोटा (जुलाबांसाठी) यांचा पहिला डोस झाला, पुढचे राहिले. बीसीजी (क्षयरोगाची लस) दिलेलीच नाही. आता प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत लसी घ्यायच्या आहेत. सगळं पहिल्यापासून करावं लागेल का? उत्पन्नाचा दाखला लागतो का? आणि बीसीजीसाठी ठरावीक वारीच का बोलावतात?

कडुलिंब: पहिल्यापासून नाही. कितीही उशीर झाला तरी घेतलेला डोस वाया जात नाही, फक्त दोन डोसांत किमान ४ आठवडे हवेत. हेक्झाचा एक झाला, म्हणजे पेंटाचे (पोलिओ सोडून त्याच पाच रोगांची सरकारी लस) दोन उरले: एक आता, दुसरा ४ आठवड्यांनी. रोटाचंही तसंच. न्यूमोकोकलचा दुसरा आता, बूस्टर ९ महिन्यांना. पोलिओचे थेंब मात्र पहिल्यापासून, कारण हेक्झात पोलिओची लस असते ती सुईची. थेंबांचे तीन डोस ४-४ आठवड्यांनी. शिवाय एफ-आयपीव्ही (सुईच्या पोलिओ लसीचा छोटा डोस) दंडाला, त्वचेत. जन्मानंतर २४ तासांत द्यायची हिपॅटायटिस बी राहिली असेल तर ती सोडा. पेंटात ती आहेच.

दाखला-बिखला काही नाही. इथे पात्रता म्हणजे वय. खासगी फाइल मात्र न्या आणि एएनएमकडून (केंद्रातल्या नर्सताई) जुन्या तारखा माता-बाल संरक्षण कार्डावर चढवून घ्या. यू-विनवर (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) जुने डोस नोंदले नाहीत, तर बाळ 'एकही लस नाही' असं दिसतं आणि पुढच्या तारखा चुकतात. मोबाइल नंबर दर वेळी तोच द्या.

आडवाट: बीसीजीचं कारण कुपीत आहे. पावडर द्रावणात मिसळली की ती ४ तासांतच वापरावी लागते, उरलेली टाकून द्यायची. गोवर-रुबेलाचंही तेच. पेंटाची उघडलेली कुपी नियमाप्रमाणे थंड ठेवली तर २८ दिवस चालते, म्हणून तिच्यासाठी कोणी थांबवत नाही. म्हणजे टाळाटाळ नसते, बाळं गोळा व्हायची वाट असते. पण वर्षाच्या आत बीसीजी झालीच पाहिजे, त्यामुळे आशाताईंना सांगून पुढच्या सत्राच्या यादीत नाव घाला. बाकीच्या लसींसोबत त्याच दिवशी चालते. काही आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येईल, फुटेल, खपली धरेल. दाबू नका, मलम नको. व्रण उमटला नाही तरी पुन्हा देत नाहीत.

सांजवात: आणि ताप? खासगीत 'पेनलेस' दिली होती.

कडुलिंब: मग फरक जाणवेल. सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचा घटक अख्ख्या जंतूचा असतो, म्हणून ताप आणि मांडीला गाठ जास्त. पॅरासिटामॉल वजनावर: किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. ७ किलोच्या बाळाला ७० ते १०५. इथेच घोटाळा होतो. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ असतात, सिरपमध्ये सहसा ५ मिलीत १२५. सिरपचे ४ मिली ठीक. ड्रॉप्सचे ४ मिली म्हणजे जवळजवळ चौपट. बाटलीवरचा आकडा वाचूनच द्या. लस झाल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. गाठीवर ओला थंड कपडा पुरतो, चोळू नका.

आडवाट: कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि फ्लू सरकारी मोफत लसींच्या यादीत नाहीत, त्या हव्या असतील तर खासगीतच. गालगुंडाचंही तसंच: सरकारी एमआरमध्ये (गोवर-रुबेला) ते नसतं, खासगीतल्या एमएमआरमध्ये असतं. एमआरचा पहिला डोस ९ महिन्यांना, त्याच भेटीत न्यूमोकोकलचा बूस्टर आणि एफ-आयपीव्हीचा शेवटचा.