अनुभव धागा: खोटा आळ आणि गेलेलं नाव

आमच्या गुहागरकडच्या वाडीत देवळातली समई नाहीशी झाली आणि एका पोरावर चोरीचा आळ आला. पुढे समई भांडारातच सापडली. पण त्या पोराला अजून कुणी दुकानात कामाला ठेवत नाही. आळ घेणारे चौघे होते; समई सापडल्याचं मात्र चौघांपैकी कुणीच गावात सांगत फिरलं नाही. यावर बोलायला हवं असं फार दिवस वाटतंय. तुमच्यावर किंवा घरच्यांवर खोटं बालंट आलं असेल तर लिहा, आणि ते कसं निस्तरलं तेही लिहा. बोलणाऱ्यांची नावं नकोत. त्यांची बाजू मांडायला ते इथे नाहीत.

देवगड, आंबा बागायतदार

ऐन हंगामात व्हॉट्सॲपवर फिरलं की आमच्या पेट्यांत कार्बाइड असतं. फोटो दुसऱ्याच कुणाच्या गोदामाचा, खाली नाव आमचं. कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, म्हणजे आम्ही नुसते लबाड नाही, गुन्हेगारही ठरलो! मुंबईची जुनी गिऱ्हाइकं काही न बोलता गळाली. जी विचारायला आली त्यांना मी अढीपाशी नेलं, पेंढा बाजूला करून आंबा हातात दिला. अढीतलं फळ सगळीकडे सारखं पिवळंधमक होत नाही, देठाशी हिरवट छटा राहते, आणि वास खोलीच्या दारातच येतो. बघितलं त्यांची खात्री पटली. पण बघायला येतात किती? २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आमची त्यात नोंदणी आहे. तो कागद एका फॉरवर्डपुढे फिका पडला.

राजापूर तालुका (आता पुण्यात)

माझी आजी बाळंतिणींना न्हाऊ घालायची. खोबरेल कोमट करून बाळाची टाळू भरायची, पाय पसरून त्यावर बाळाला पालथं घ्यायची, वर ओव्याची धुरी. अर्ध्या गावाची पोरं तिच्या पायांवर न्हायली. एका घरी आठवड्याचं बाळ गेलं. डॉक्टरांनी कावीळ सांगितली होती. त्याच सुमारास त्या घरची गाय आटली आणि कुणीतरी म्हणालं, म्हातारीची नजर वाईट. नजरेची करणी व्हायला वेळ लागला नाही.

कुणी भांडायला आलं नाही. बोलावणी बंद झाली, एवढंच. पाणंदीत समोरून आलेली बाई कडेवरच्या पोराच्या तोंडावर पदर ओढायची. आजीला ते दिसायचं. वडिलांनी गावकीत विषय काढला, तर सगळे म्हणाले, "आम्ही कुठे काय म्हटलं?" मी आजही चिडते ती त्या बायकांवर, ज्यांची दोन-दोन, तीन-तीन पोरं आजीने वाढवली आणि ज्यांनी गावात एकदाही तोंड उघडलं नाही.

आज महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमकी करणी करते, मंत्राने गुरांचं दूध आटवते असं सांगून एखाद्याला बदनाम करणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. आजी हे ऐकायला राहिली नाही.

रत्नागिरी, वकील

ताई, वाचून फार वाईट वाटलं. कायद्याचं विचारणारे बरेच असतात, म्हणून लिहितो. बदनामी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९-५०० खाली यायची; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. तोंडी बोललेलं आणि लिहिलेलं, दोन्ही धरतात. आडून मारलेला टोमणाही सुटत नाही. मात्र गुन्हा अदखलपात्र आहे, पोलीस थेट तपासाला लागत नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत. मेसेज पुसू नका, मोबाइल तसाच ठेवा. तोंडी बदनामीत ऐकणारा साक्षीला उभा राहिला तरच प्रकरण उभं राहतं, आणि तिथेच बहुतेक प्रकरणं बसतात.

मालवण

२०१८ मध्ये गोव्यात मासळी टिकवायला फॉर्मेलिन (प्रेतं टिकवायचं रसायन) मारतात असा गोंधळ झाला, बाहेरच्या मासळीवर १५ दिवस बंदी आली. त्या दिवसांत आईच्या पाटीतल्या सकाळच्या बांगड्यांनाही "औषध मारलेले" म्हणत होते. ती कल्ले उघडून लालभडक दाखवायची. म्हणायची, "माका कोणी इचारूक नाय, सरळ फुडच्या पाटयेकडे गेली."

संगमेश्वर

शिमग्याच्या वर्गणीत वडिलांनी पैसे खाल्ले अशी कंडी पिकली. त्यांनी वही, पावत्या, बँकेचं पासबुक गावच्या सभेत ठेवलं, हिशेब चोख निघाला. पण कंडी तोवर मुंबईच्या मंडळात पोचली होती. तिथल्या अध्यक्षांनी मात्र मोठं काम केलं. वडिलांना मुंबईला बोलावून घेतलं, भरसभेत हिशेब वाचला आणि ज्यांनी तोंड सोडलं होतं त्यांनाच तो इतिवृत्तात लिहायला लावला. इथल्यांनी एवढं केलं असतं तर वडिलांना मुंबई गाठावी लागली नसती.

दापोली

माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. कारण कुणी सांगेना. नंतर कळलं, चौकशीला आलेल्यांना आमच्याच नात्यातल्या एकाने सांगितलं होतं की मुलीला फिट येते. मला कधीही आलेली नाही. आत्या म्हणते डॉक्टरांचा दाखला घेऊन त्यांच्या घरी जाऊ. मी का दाखवू? मला ते स्थळ नकोच आहे, पण पुढच्या प्रत्येक स्थळाआधी हे पोचलेलं असतं. गोष्ट गेल्या दिवाळीची. वकीलसाहेब, काही करता येईल का?

रत्नागिरी, वकील

ते बोललं गेलं त्या तारखेपासून एका वर्षाच्या आत दावा दाखल करता येईल. हे ज्यांच्यासमोर बोललं गेलं ते मध्यस्थ साक्ष देतील का, ते आधी विचारून घ्या.

दापोली

विचारलं. म्हणाले, "सगळं खोटंच आहे हो, पण मला दोन्हीकडे जावं-यावं लागतं."