शब्दचर्चा : ‘एक्सायटेबल’ला उर्दूत काय म्हणायचं?

प्रश्न : मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या वर्गात ‘एक्सायटेबल’ हा शब्द आला. बऱ्याच मुलींनी वहीत ‘ग़ुस्सैल’ लिहिलं, एकीने ‘जोशीला’. दोन्ही खटकतात, पण नेमका शब्द सुचत नाही.

उत्तर : ताई, खटकतात ते योग्यच आहे. ‘ग़ुस्सैल’ म्हणजे आपला तापट. एक्सायटेबल माणूस रागावेलच असं नाही. आनंदाने, भीतीने, नुसत्या एखाद्या बातमीनेही तो चटकन ढवळून निघतो. बेल वाजली की भुंकत घरभर धावणारं, पाहुण्याच्या अंगावर उड्या मारणारं कुत्रं आठवा. त्यात राग कुठे आहे? शरीरशास्त्रात तर चेतापेशी आणि स्नायूपेशींनाही हेच विशेषण लावतात, कारण पुरेसा धक्का मिळाला की त्या लगेच प्रतिसाद देतात.

‘जोशीला’ची अडचण वेगळी. जोशीली तक़रीर (भाषण), जोशीला नौजवान म्हणताना त्यात कौतुक असतं. इंग्रजी शब्दात कौतुकापेक्षा काळजी जास्त आहे : याला जरा बेतानं सांगा, लगेच उसळेल.

‘जज़्बाती’ जवळचा वाटतो, पण जज़्बाती माणूस आतल्या आत गहिवरून गप्पही बसतो. ‘ज़ूद-रंज’ मला फार आवडतो. ज़ूद म्हणजे लवकर, रंज म्हणजे दुःख. लगेच मनाला लावून घेणारा. पण तो दुखावण्यापुरताच.

मुलींना शब्दाची फोडच दाखवा. उर्दूत ‘-अंगेज़’ म्हणजे उठवणारा, ‘-पज़ीर’ म्हणजे स्वीकारणारा. इश्तिआल म्हणजे भडका. इश्तिआल-अंगेज़ भाषण लोकांना भडकवतं. इश्तिआल-पज़ीर माणूस स्वतः भडकतो. ‘एक्सायटिंग’ आणि ‘एक्सायटेबल’ यांच्यात हाच फरक आहे, आणि मुलं नेमकी इथेच चुकतात. मात्र इश्तिआल, शोला आणि आपली मशाल एकाच अरबी धातूची, त्यामुळे त्यात आग आलीच. ‘हैजान’ म्हणजे खळबळ, तो अधिक व्यापक. ‘हैजान-पज़ीर’ अर्थाने चपखल बसेल, पण आठवीच्या मुलीच्या तोंडी जड आहे. मी ‘जल्द जोश में आ जाने वाला’ असं सरळ लिहून देईन. एका शब्दाला एकच शब्द हवा हा हट्ट कशाला?

आणखी एक. उर्दूत स्वभावाला मिज़ाज म्हणतात, आणि मिज़ाज म्हणजे मुळात मिश्रण. युनानी वैद्यकात रक्त, कफ, पित्त आणि सौदा (म्हणजे काळं पित्त) या चार द्रवांच्या मिश्रणावरून माणसाचा स्वभाव ठरतो. इंग्रजीत स्वभावाला म्हणतात तो ‘टेम्परामेंट’ही लॅटिनमधल्या ‘मिसळणे’ या अर्थाच्या शब्दावरूनच आला. मराठीत त्याच मिज़ाजाची ‘मिजास’ झाली आणि ती थेट तोऱ्यावर गेली! मौलवी अब्दुल हक़ यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली औरंगाबादेतूनच निघाला. शाळेत असेल तर मुलींच्या हाती जरूर द्या.

दुसरी शंका : मग मराठीत काय? शीघ्रकोपी?

उत्तर : तोही रागाचाच. ‘हुरळून जाणारा’ फक्त आनंदाचा, ‘उतावळा’ घाईचा. ‘चटकन उसळणारा’ मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

ताईंकडून : आज फळ्यावर तुमचा अर्थ लिहिला. मागच्या बाकावरच्या मुलीने लगेच वाक्य केलं : “मेरा छोटा भाई जल्द जोश में आ जाने वाला है, चाँद-रात को नए कपड़े तीन बार पहनकर उतारता है.”