लेसरच्या शिडाला अ‍ॅल्युमिनियम का चालत नाही?

प्रश्न
जपानच्या इकारोस या सौरशिडाच्या यानाने २०१० मध्ये साडेसात मायक्रॉन जाडीच्या पॉलिइमाइडवर (उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकवर) अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेलं शीड अवकाशात उघडलं. ब्रेकथ्रू स्टारशॉटच्या आराखड्यात (जमिनीवरच्या लेसरने शिडाचं इवलंसं यान ताऱ्याकडे ढकलायची कल्पना: १०० गिगावॉट लेसर, ४ × ४ मीटरचं शीड, प्रकाशाच्या २० टक्के वेग) तेच आणखी पातळ करून का वापरत नाहीत? परावर्तन तर ९० टक्क्यांच्या वर आहे.

उत्तर १
जे परावर्तित होत नाही, घात तिथेच होतो. १६ चौरस मीटरवर १०० गिगावॉट म्हणजे दर चौरस मीटरला ६.२५ गिगावॉट. त्यातले ५ टक्के जरी शोषले गेले तरी ३०० मेगावॉटच्या वर उष्णता, शिडाची क्षणात वाफ. निर्वातात उष्णता फक्त उत्सर्जनाने बाहेर पडते. शोषण दहा लाखांत एक भाग आणि उत्सर्जकता (उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.१ धरली, तर दोन्ही बाजूंनी उत्सर्जन होऊन तापमान ८६० केल्विनच्या आसपास थांबतं. शोषण दहापट झालं की १,५०० च्या पुढे. म्हणून धातू बाद, सिलिकॉन नायट्राइडसारखं डायइलेक्ट्रिकच (प्रकाश जवळजवळ न शोषणारा विद्युतरोधक पदार्थ) हवं. तेही स्वच्छ: धुळीचा एक कण बसला तरी तिथे भोक पडतं.

उत्तर २
खरी ओढाताण याच्या पुढे आहे. १६ चौरस मीटर १ ग्रॅममध्ये बसवायचे तर सिलिकॉन नायट्राइडची जाडी २० नॅनोमीटर येते. एवढी पातळ सपाट फिल्म लेसरचा १.०६ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश जेमतेम ३ टक्के परत पाठवते, बाकीचा आरपार. त्यामुळे फिल्म जाड ठेवून तिला ठरावीक अंतरावर सूक्ष्म भोकं पाडतात, म्हणजे वजन घटतं आणि परावर्तन वाढतं. पण डॉप्लर परिणाम विसरू नका: स्रोतापासून दूर पळणाऱ्याला प्रकाशाची तरंगलांबी वाढलेली दिसते. २० टक्के वेगाला शिडाला तोच लेसर १.३० मायक्रॉनचा 'दिसतो'. भोकं एकाच तरंगलांबीला बेतली असतील तर वेग वाढता वाढता धक्काच मिळेनासा होतो. सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं माप) जास्त, म्हणून परावर्तनही जास्त, पण ते १.०६ ला शोषून घेतं. ते वापरायचं तर १.५५ च्या आसपासचा लेसर घ्या.

प्रश्नकर्ता
समजलं. मग शीड किरणाच्या मध्यावर टिकवायचं कसं? गिरकी देऊन?

उत्तर ३
नुसत्या गिरकीने नाही. गिरकीमुळे शीड ताणलेलं राहतं, कलंडत नाही. पण बाजूला सरकलं तर ते मध्यावर परत येत नाही. पूर्ण परावर्तन धरलं तर बल ६६७ न्यूटन. त्या बलाने २ ग्रॅमच्या यानाला २० टक्के वेग गाठायला सुमारे ३ मिनिटं लागतात आणि तोवर यान ५४ लाख किलोमीटर गेलेलं असतं. तिथून प्रकाशाला जाऊन यायला ३६ सेकंद, म्हणजे जमिनीवरून दुरुस्तीची आशा सोडा. शिडाच्या घडणीतूनच परतीचं बल निघायला हवं: शंकूसारखा आकार किंवा पृष्ठभागावर प्रकाश तिरका वळवणाऱ्या रेषा. शिवाय किरण मध्यभागी मंद आणि कडेला तेज ठेवला तर मदत होते. मात्र निर्वातात हेलकावे आपोआप शमत नाहीत. ते जिरवण्याची सोय वेगळी करावी लागते, आणि बहुतेक गणितांत नेमकी तीच राहून जाते.

आणखी एक: जमिनीवर १ किलोमीटर रुंद पसरलेल्या लेसर-मांडणीचा १.०६ मायक्रॉनचा ठिपका त्या अंतरावर किमान ५.७ मीटर होतो, शिडापेक्षा मोठा. मांडणी निदान दीड किलोमीटरची धरून गणित पुन्हा मांडा.