अनुभव धागा: हसतमुख माणसांबद्दल लिहा

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला पाणी किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी नदीची पातळी किती. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं. त्या दिवसांत काही माणसांच्या नुसत्या बोलण्यानं आम्हाला उभारी आली. तुमच्या घरात, गल्लीत, रानात असं कुणी असेल तर लिहा. सुविचार नकोत. काय घडलं आणि ते माणूस काय बोललं, ते सांगा.

गावभाग, सांगली
आमच्या सासूबाई. पाणी ओसरल्यावर कुलूप काढलं तर आत घोट्याच्या वर चिखल, फ्रीज आडवा, गाद्या भिजून टम्म फुगलेल्या. मी उंबऱ्यातच रडायला लागले. आईंनी पदर खोचला आणि सगळ्यात आधी ओटा धुतला. "चहा पोटात गेला की सुचतंय सगळं." वरच्या मजल्यावरून शेगडी मागून आणली, बिनदुधाचा चहा केला आणि समोरच्यांनाही हाक मारली. त्या चहावरच ठरलं, आज आमचं घर, उद्या त्यांचं. खराटे, फावडी, बादल्या घेऊन अख्खी गल्ली लागली. त्यांना दुःख नव्हतं असं मुळीच नाही. सासऱ्यांचे फोटो एकमेकांना चिकटून गेले होते, ते सोडवताना रात्री त्या खूप रडल्या. सकाळी पुन्हा पदर खोचलेला.

मिरज
वडील सतारी करायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, नीट वाळवून ठेवलेला, कापताना तडकला की म्हणायचे, "आत्ताच तडकला ते बरं. तारा चढवल्यावर तडकला असता तर?" आणि दुसरा घ्यायचे.

तासगाव तालुका
द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना पावसानं गाठलं. डाऊनी हा बुरशीचा रोग आला, घड कुजले. मी बांधावर डोकं धरून बसलो. थोरले दादा म्हणाले, "माल गेला, वेल हाय की." लगेच पुढच्या हंगामासाठीच्या खरड छाटणीचं बोलायला लागले. सोसायटीचं कर्ज काही त्या बोलण्यानं फिटलं नाही, पण त्या रात्री मी जेवलो.

मिरजेत उपचार घेतलेली
थोडं वेगळं लिहिते. केमो चालू असताना भेटायला येणारा प्रत्येकजण सांगायचा, "सकारात्मक राहा." त्यानं मला फार थकवा यायचा, जणू रडले तर माझाच गुन्हा. खरा आधार दिला शेजारच्या कॉटवरच्या जत भागातल्या मावशींनी. त्यांनी मला कधीच काही शिकवलं नाही. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलत त्या आपल्या गाभण शेळीचं सांगायच्या. सुईण म्हणून आपणच जवळ पाहिजे, एवढाच त्यांचा डॉक्टरांकडं हट्ट. पुढच्या सलाईनला भेटल्या तेव्हा दारातूनच ओरडल्या, "दोन झाली! दोन्ही पाटी!" म्हणजे शेळीला दोन्ही मादी पिल्लं. त्या दिवशी सुई टोचेपर्यंत आम्ही नावंच शोधत होतो.