मदत हवी आहे: बीकॉमवाल्याला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये शिरता येईल का?
राजेहो, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातला, बीकॉम सेकंड इयर, अमरावती विद्यापीठ. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं आहे, म्हणजे आयपीओ (कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात आणणं), विलीनीकरण, व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत काढणं) ते काम. बाबा म्हणते, "बँकेतच जायचं त मंग आयबीपीएसचा फॉर्म काहून नाही भरत?" आता कापसाच्या गडबडीत त्यांना काय समजावू. यूट्यूब पाहून शेअर बाजारातल्या एका कंपनीचा डीसीएफ, म्हणजे पुढं येणाऱ्या पैशावरून तिची आजची किंमत काढायचा हिशोब, एक्सेलमध्ये केला, लाइट गेली न् अर्धी शीट उडाली, परत केला. सीएफए या फायनान्सच्या आंतरराष्ट्रीय कोर्सची पहिली परीक्षा (लेव्हल १) पदवीला २३ महिने उरले की देता येते पण फी डॉलरमध्ये, मग आधी कॅट देऊन आयआयएमच पाहू का? मुंबईत ओळखीचं कोणीच नाही, लिंक्डइनवर अनोळखी माणसाला पहिल्या मेसेजात काय लिहावं, थेट इंटर्नशिप मागितली तर चालते का?